तेव्हा तू किती वर्षांची होतीस?

लहान मुलाच्या नजरेतून गोष्ट लिहायची म्हटलं की आपण एकतर बोबडं लिहितो, नाहीतर पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडी पंचविशीतलं शहाणपण घालतो. पण पाच, नऊ आणि चौदा वर्षांच्या मुलांना एकाच घरातला एकच दिवस तीन वेगवेगळे दिवस वाटू शकतात. एका फसलेल्या कथेनं शिकवलेली ही गोष्ट.

गेल्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी कथा द्यायची होती. विषय डोक्यात पक्का होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आज्जी वारली, तो दिवस. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा दादा चौदाचा होता, मी नऊची आणि आमची धाकटी चुलत बहीण पाचची. तिला आम्ही सगळे छोटीच म्हणतो. गोष्ट सांगायला मी छोटीला पुढं केलं. म्हटलं, इवलीशी पोर, तिच्या नजरेतून मृत्यू. वाचणारा रडलाच पाहिजे! दोन रात्री जागून आठ पानं लिहिली, मराठीच्या मॅडमकडे दिली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

चार दिवसांनी पानं परत आली. लांबलचक शेरा नाही, शुद्धलेखनाच्या चुकांवर गोल नाहीत. पहिल्या वाक्याखाली पेन्सिलीची एक रेघ आणि समासात तीन शब्द, ‘हिचं वय काय?’

माझं पहिलं वाक्य होतं, ‘त्या सकाळी आमच्या घरावर मृत्यूची गूढ सावली पसरली होती.’

पाच वर्षांची मुलगी असं म्हणेल? गूढ? सावली? जिला अजून बुटाची लेस बांधता येत नाही, ती? मी मॅडमना विचारलं, ‘भाषा सोपी करू का?’ त्या म्हणाल्या, ‘भाषेचं नंतर बघू. आधी तिलाच विचारून ये, त्या दिवशी तुला काय दिसलं होतं म्हणून.’

पाच : हरवलेली चप्पल

छोटी आता कल्याणला बारावीत शिकते. तिला फोन लावला. ती आधी हसली, मग जरा वेळ गप्प बसली.

‘ताई, मला आज्जीचं फारसं आठवतच नाही गं. चपला आठवतात. दारात एवढ्या चपला होत्या आणि त्यात माझी लाईटवाली गुलाबी चप्पल हरवली होती. मी तीच शोधत होते. सगळे रडत होते, तर मला वाटलं त्यांच्या पण चपला हरवल्यात.’

आणखी? आणखी म्हणजे कुणीतरी तिला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला होता आणि सगळा खाल्ला तरी कुणी ओरडलं नव्हतं. आज्जीच्या नाकात कापूस होता, म्हणून तिला वाटलं, आज्जीला सर्दी झालीये. आणि रात्री झोपताना तिनं आईला विचारलं होतं म्हणे, आज्जी येताना काय आणणार? हा शेवटचा भाग तिला स्वतःला आठवत नाही. तिच्या आईनं नंतर कधीतरी सांगितला.

माझ्या आठ पानांत यातलं काहीच नव्हतं. चपला नाहीत, बिस्किटं नाहीत, सर्दी नाही. मी छोटीचा फक्त आवाज उसना घेतला होता. डोळे माझेच होते, तेही आजचे.

मग जरा शोधाशोध केली. मारिया नागी या संशोधिकेनं बुडापेस्टमधल्या मुलांना मृत्यूबद्दल काय वाटतं याचा अभ्यास केला होता. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. तिच्या मांडणीनुसार साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण म्हणजे कुठंतरी जाणं किंवा झोपणं वाटतं. गेलेला माणूस परत येणार, हे त्यात धरलेलंच असतं. म्हणजे ‘आज्जी येताना काय आणणार’ हा प्रश्न निरागस, गोड वगैरे नव्हता. पाच वर्षांच्या डोक्याचा तो सरळ हिशोब होता. जो जातो तो येतो, आणि येताना खाऊ आणतो.

एवढ्या लहान वयाचं पात्र अख्खी कादंबरी पेलू शकतं का? एमा डोनोह्यू या लेखिकेनं २०१० साली आलेल्या ‘रूम’ या इंग्रजी कादंबरीत ते करून दाखवलंय. सांगणारा जॅक पाच वर्षांचा आहे. त्याच्या आईला एका माणसानं पळवून एका खोलीत डांबून ठेवलंय आणि जॅकचा जन्मही तिथलाच. ती खोली म्हणजे कैद आहे हे त्याला माहीतच नाही. त्याच्यासाठी ते सगळं जग आहे. खोलीतलं कपाट, गालिचा यांची नावं तो माणसांची नावं घ्यावीत तशी घेतो. आपण वाचताना घाबरतो, तो मात्र मजेत असतो. कादंबरीतली भीती याच फटीतून येते.

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. मुलाच्या नजरेतून लिहायचं म्हणजे शब्द लहान करायचे असं नाही. मुलाला काय कळत नाही हे आपण नेमकं ठरवायचं आणि तेच वाचकाला मात्र कळू द्यायचं. मूल बोलतं चपलांबद्दल. दारात एवढ्या चपला का, हे वाचकाला समजतं.

आणि पाचऐवजी तीन वर्षांचं पात्र घेतलं तर? तिथं आणखी एक अडचण येते. १९८३ साली विमर आणि पर्नर या दोघांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगून प्रश्न विचारला होता. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवतो आणि खेळायला जातो. मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुतेक वेळा दुसरं कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते माक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. चार-पाचच्या पुढं मात्र ते उमगायला लागतं. म्हणजे तीन वर्षांच्या पात्राकडून तुम्ही गुपित राखून घ्यायला गेलात तर जरा जपून. पाच वर्षांचं पोरगं मात्र नुकतंच लपवायला शिकलेलं असतं, आणि त्याची त्याला भारी मजा वाटते.

नऊ : कावळा आणि स्कॉलरशिप

छोटीनंतर मी स्वतःलाच विचारलं, तुला काय आठवतंय? आणि लाजच वाटली. कारण मला पहिल्यांदा आठवले ते आकडे. दिवसभरात किती जीप आल्या हे मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते. अकरा. मला चौथीची स्कॉलरशिप होती, म्हणून मी पुस्तक बरोबर नेलं होतं. पडवीत आल्याची पोती रचलेली होती, त्यांवर बसून मी उतारे सोडवले. आज्जीचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं ते दहाव्याच्या छापील पत्रिकेवर. तोपर्यंत तिला नाव असेल असं मनातच आलं नव्हतं.

आणि दहाव्याचा कावळा. पिंडाला कावळा शिवेना. सगळे नदीकाठी ताटकळले. ‘म्हातारीची काहीतरी इच्छा राहिली,’ असं कुणीतरी म्हणालं. मोठी माणसं एकेक करून हात जोडून शब्द द्यायला लागली. मी मागं उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, आज्जी, मी स्कॉलरशिप काढीन. आणि कावळा आला! मी ते कुणालाच सांगितलं नाही. पण पुढं कितीतरी दिवस माझी खात्री होती की तो माझ्यामुळंच आला.

पाच वर्षांची मुलगी वस्तू बघत होती. नऊ वर्षांची मी नियम शोधत होते. किती जीप, किती दिवस, काय केलं की काय होतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यानं सात ते अकरा हा एक वेगळाच टप्पा मानला होता. या वयात मुलं डोळ्यांसमोरच्या गोष्टींबद्दल नीट तर्क करू लागतात, मोजतात, गट पाडतात, क्रम लावतात. तर्क पक्का असतो. फक्त माहिती अर्धवट असते. त्यामुळं निष्कर्ष भलताच निघतो, आणि मूल त्यावर ठाम असतं.

या वयाचा मराठीतला राजा म्हणजे लंपन. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतला शाळकरी पोरगा. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा. काहींनी त्याला २०२४ साली आलेल्या वेब सिरीजमध्ये बघितला असेल, पण पुस्तकं वाचाच. गंमत बघा, संत भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते आणि लंपन लिहिताना चांगले मोठे झालेले होते. तरी लंपन कुठंही प्राध्यापकासारखा बोलत नाही. त्याची मराठी कानडी वळणाची आहे, त्याचे स्वतःचे लाडके शब्द आहेत, सगळ्याला तो ‘मॅड’ म्हणतो. आई-वडिलांची आठवण येते हे तो फार वेळा सरळ सांगत नाही. पण त्याच्या पोटात काय कालवतंय ते आपल्याला कळतं. दहा-बारा वर्षांची मुलं दुःखाबद्दल बोलतात तरी किती? ती बाजूच्या गोष्टींबद्दल बोलतात.

इथं एक प्रश्न पडतो. मोठ्या माणसाच्याच तोंडून लहानपण सांगितलं तर चालणार नाही का? चालेल की. ‘श्यामची आई’ तशीच तर आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो. लहान श्यामला तेव्हा न कळलेलं मोठ्या श्यामला आता कळतं, आणि तो ते उघडपणे सांगतो. त्यात फसवणूक नाही. फसवणूक माझ्या कथेत होती. सांगणारी पाच वर्षांची आहे असं म्हणायचं आणि बोलायचं मात्र एकविसाव्या वर्षातलं.

चौदा : ‘मला पण काहीतरी सांगायचंय’

राहिला दादा. तो आता सव्वीसचा, हिंजवडीत नोकरीला. मी त्याला फोन केला तो निव्वळ माहितीसाठी. गावच्या घरात तोच राहायचा, त्यामुळं जीप किती आल्या याची खात्री त्याच्याकडून करून घ्यावी म्हटलं.

तो म्हणाला, ‘तू हे कशाला लिहितेस?’ मी सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आदल्या रात्रीचं तुला माहितीये का?’

आदल्या रात्री तो टीव्हीवर मॅच बघत होता. आज्जी शेजारी येऊन बसली. छातीत जळजळतंय म्हणाली, बाबा आले की त्यांना सांग म्हणाली. शेतीची लाईट तेव्हा रात्रीची असायची, त्यामुळं मोठे काका मोटर चालू करायला रानात गेले होते. आईनं तिला ओवा दिला, ती आत जाऊन पडली. दादा मॅच संपवून झोपला. काका कधी आले त्याला कळलंच नाही. सकाळी आज्जी उठली नाही.

‘मी सांगितलंच नाही बाबांना,’ तो म्हणाला. ‘आजपर्यंत कुणालाच बोललो नाही. त्या दिवशी सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. म्हणून मी रडलो पण नाही. लोक म्हणाले, पोरगं किती खंबीर आहे.’

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यानं १९६७ साली याला एक छान नाव दिलं, काल्पनिक प्रेक्षक. किशोरवयात आपण सतत रंगमंचावर आहोत असं वाटतं. केस, आवाज, चूक, रडणं, सगळं कुणीतरी टिपतंय. चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या जगातलं ऐकू सगळं येतं. सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणार इथपर्यंत. पण त्या सगळ्याच्या मधोमध ‘मी’ उभा असतो.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आठवा. नववीतला मुकुंद. बाहेर आणीबाणी चालू आहे. ती त्याला दिसतेही, पण कडेकडेनं. मधोमध आहे ती शिरोडकर. देशाचा इतिहास आणि वर्गातल्या मुलीची एक नजर यांत त्याला जास्त मोठं काय वाटणार, हे लेखकानं अचूक ओळखलंय. आणि मुकुंद काही बावळट नाही. त्याला बरंच कळतं. फक्त त्याचं वजनमाप वेगळं आहे. चौदा वर्षांचं पात्र लिहिताना ‘त्याला कळत नाही’ यावर भागत नाही. त्याला काय अति मोठं वाटतं, हे शोधावं लागतं.

दादाला स्वतःचा ‘न सांगितलेला निरोप’ एवढा मोठा वाटला होता की बारा वर्षं त्यानं दुसरं काही बघितलंच नाही. मला सांगतानासुद्धा एक गोष्ट तो सहज बोलून पुढं गेला. आईनं तिला ओवा दिला. म्हणजे मोठ्या काकीला माहीत होतं. आज्जीनं तिलाही सांगितलं होतं. तिलाही ते पित्तच वाटलं असणार, तशा वेळी बहुतेक घरांत तेच वाटतं. दोष कुणाचाच नव्हता. पण दादाच्या डोळ्यांना तो ओवा दिसतच नव्हता. सव्वीसाव्या वर्षीसुद्धा त्या रात्रीपुरता तो चौदाचाच होता.

करून बघा

मी कथा पहिल्यापासून लिहिली. एकच दिवस, तीन भाग, तीन सांगणारे. लिहिताना ज्या युक्त्या कामाला आल्या त्या सांगते. कथा, एकांकिका, शॉर्ट फिल्म, काहीही लिहीत असाल तरी उपयोगी पडतील.

वय आधी ठरवा, इयत्तेसकट. ‘लहान मुलगा’ असं कुणी नसतं. सिनियर केजीतला असतो, चौथीतला असतो, नववीतला असतो. या तिघांना शाळा, पैसे आणि घड्याळ वेगवेगळं कळतं.

उंची मोजा. पाच वर्षांच्या मुलीला मोठ्यांचे चेहरे नाही, गुडघे, पदर आणि टेबलाची खालची बाजू दिसते. मी खरंच घरात खाली बसून फिरून बघितलं. आईला वाटलं कानातलं हरवलंय.

वेळेकडे लक्ष द्या. घरातलं छोटं मूल ऐका. गेल्या दिवाळीलाही ते ‘काल’ म्हणतं. चौथीतलं मूल तारीख सांगतं. चौदाचा मुलगा ‘आठवत नाही’ म्हणतो आणि त्याला सगळं आठवत असतं.

बोबडे बोल टाळा. चार शब्द चुकीचे लिहिल्यानं मूल उभं राहत नाही. आणि मुलं स्वतःला कधीच बोबडी ऐकू येत नाहीत.

मुलाला काहीतरी हवं असू द्या. छोटीला चप्पल, मला स्कॉलरशिप, दादाला मॅच. आजूबाजूला केवढंही मोठं घडत असलं तरी ती आपल्या गोष्टीच्या मागे असतात. मोठी घटना वाचकाला मागं दिसत राहते.

आणि शेवटी, खुलासा करू नका. हे सगळ्यात अवघड. मला दादाच्या भागात शंभर वेळा लिहावंसं वाटलं की अरे, तुझी चूक नव्हती. पण चौदा वर्षांच्या मुलाला ते माहीत नाही, मग तो सांगणार कसं? मी फक्त मॅचच्या एका ओव्हरच्या मध्ये मोठ्या काकीला ओव्याची डबी घेऊन स्वयंपाकघरातून येऊ दिलं. एक ओळ. लगेच पुढचा बॉल.

शेवटची दुरुस्ती

कथा अंकाला देण्याआधी दादाला पाठवणं भागच होतं. ती माझी कथा असली तरी गोष्ट त्याची होती. त्यानं नको म्हटलं असतं तर तिसरा भाग काढून टाकायचा, हे मी मनाशी ठरवलं होतं. व्हॉट्सॲपवर फाईल टाकली. दोन्ही टिक निळ्या झाल्या. उत्तर नाही. दुसरा दिवस, नाही. अंकाची मुदत संपत आली होती, पण विचारायचं धाडस होईना.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. गाडीवर होता बहुतेक, हॉर्न ऐकू येत होते. म्हणाला, गावाकडं चाललोय, आईला भेटायला. मग म्हणाला, ‘तो ओवा...’ आणि थांबला. मीही काही बोलले नाही.

‘राहू दे कथा,’ तो म्हणाला. ‘फक्त एक चुकलंय. तू लिहिलंयस, मी आज्जीला म्हणालो, सांगतो बाबांना. तसं नव्हतो म्हणालो मी. मी म्हणालो, हो हो. टीव्हीकडं बघत.’

मी तेवढं बदललं.